उत्तरेकडची कबर
चर्चच्या उत्तरेला पूर्वी जीव दिलेल्यांना पुरत, आणि विल्फ्रेडच्या पणजोबांची कबर तिथंच होती. त्यामुळे घरात त्यांचं नाव कुणी काढत नसे. आज लेक हेस्टर दफनाची जुनी वही उघडून बसली, तेव्हा म्हातारा दारातच थांबला. “झाकलेलं राहू दे, पोरी. ऐंशी वर्षं तिकडे मान न वळवता काढली, उरलेलीही निघतील.” हेस्टर भिंग सरकवत राहिली. “बाबा, चष्मा लावा आणि इकडे या.” नोंदीप्रमाणे पणजोबा तापानं गेले होते. खाली पाद्र्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘यांची तान्ही मुलगी बाप्तिस्म्याआधीच वारल्यानं नियमाप्रमाणे उत्तरेला आहे. तिच्याशेजारीच जागा द्यावी, ही यांची इच्छा.’ विल्फ्रेडनं दोनदा वाचलं, सुटकेचा निःश्वास सोडला आणि टेबलावरची फुलं उचलली. “ती आईच्या कबरीसाठी आहेत, बाबा.” “तिला दर रविवारी मिळतात. तिकडे दोघं आहेत.”