लंकाबाईची रजा

“रजा मागं घ्यायची नाय म्हणजे नाय,” लंकाबाई म्हणाली.

मुलींच्या बालगृहाच्या अधीक्षिकांनी कपाळाला हात लावला. दहावीची परीक्षा परवापासून. बालगृहातून बसणारी मुलगी एकच, सरिता. आणि नेमकी पेपरांच्याच दिवसांत या पहाऱ्याच्या बाईला रजा हवी! उरलेल्या दोघींपैकी एक बाळंत झालेली, दुसरीनं फाटक सांभाळायचं. नियम तर सरकारी. मुलगी बाहेर जाणार तर सोबत पहाऱ्याची बाई पाहिजे. बाई नाही, तर परीक्षा नाही.

सरिता दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. हरसूलकडची पोर. नवव्या वर्षी नाशिकच्या एसटी स्टँडवर पाकीट मारताना सापडली आणि इथं आली. अक्षरओळख इथंच झाली. सरकारी वह्या, सरकारी पुस्तकं आणि विमलाबाई नावाच्या एकट्या शिक्षिका, एवढ्यावर तिनं सात वर्षांत दहावी गाठली होती.

“मी एकटी जाते,” ती म्हणाली. “पळायचंच असतं तर सात वर्षं थांबले असते का?”

“तुझं खरं गं. पण उद्या वर जाब मला द्यावा लागतो,” अधीक्षिका म्हणाल्या.

शेजारीच उभ्या असलेल्या विमलाबाईंचा तोल सुटला. “लंकाबाई, कुणाचं लग्न अडलंय तुमच्यावाचून? रोज बघता ना या पोरीला? जरा तरी माया असू द्या!”

लंकाबाई होतीच तशी. वर्ग चालू असताना कुणी पळू नये म्हणून ती दारात स्टूल टाकून बसायची. हसणं नाही, बोलणं नाही. मुली तिला पाठीमागं फौजदारीण म्हणायच्या. दगडाला पाझर फुटेल, पण हिला? नावच नको!

“हॉलतिकीट बघू तिचं,” ती एकदम म्हणाली. केंद्राचं नाव तिनं बोट ठेवून दोनदा वाचलं. “येते मी हिच्यासंगं. रजेवर असून येते. पण पेपर सुटेस्तोवर शाळेबाहेर उभी राहणार नाय.”

“आणि पोरगी निसटली तर?” अधीक्षिकांनी विचारलं.

“तर माझी नोकरी घ्या. लिहून देते.” आणि टेबलावरचा कागद ओढून तिनं तिथल्या तिथं लिहून दिलंसुद्धा.

आता बोला! नोकरी पणाला लावील, पण तीन तास उभी राहणार नाही. सरिताला रडू आलं नाही, राग आला. त्या रागातच तिनं दोन दिवस पुस्तक खाली ठेवलं नाही.

पेपरच्या सकाळी दोघी चालत निघाल्या. लंकाबाईनं ड्युटीची साडी नेसली नव्हती, ठेवणीतली नेसली होती. त्यामुळे पोर कुठली आहे हे रस्त्यात कुणाला कळलं नाही. सरिताला तेवढं बरं वाटलं. शालिमार चौक मागं पडला.

“मला पास व्हायचंच आहे,” शेवटी सरिताच म्हणाली.

“मग हो की. कोण आडवं आलंय?”

शाळेच्या फाटकावर शिपायानं हात आडवा केला. “मावशी, पालकांनी बाहेर थांबायचं. आत फक्त परीक्षेवाले.”

लंकाबाईनं पिशवीत हात घातला. आतून दोन पेनं निघाली आणि एक हॉलतिकीट. केंद्र तेच, फोटो लंकाबाईचा. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणाऱ्यांचं असतं तसं. शिपाई बाजूला झाला. सरिता मात्र जागची हलेना.

“बघतीस काय अशी?” लंकाबाईनं तिचा दंड धरला. “चल आत. विमलाबाईंनी दोघींनाबी शिकवलंय, त्यांचं नाव घालवायचं नाय.”