तक्रार न करणारी विंग

ऐक ना, मधे बोलू नकोस! ती रेवती धारप, बिल्डिंगच्या विजेचं डिझाइन करते ना, ती परवा भर उन्हात स्वतःच डिझाइन केलेल्या टॉवरमध्ये गेली. ए विंगमध्ये एसी गारगार. आणि बी विंगमध्ये, जिथे जुन्या चाळीतल्या लोकांना घरं दिलीयत, तिथे वीजच नाही! शेवंताबाईंचं ऑक्सिजनचं मशीन बंद, म्हातारी धापा टाकतेय, सून पुठ्ठ्याने वारा घालतेय.

"आजी, तक्रार का नाही केलीत?"

"फुकटात घर मिळालंय, बाय. वर भांडायचं कसं?"

रेवती खाली येऊन मॅनेजरवर ओरडलीच.

"मॅडम, नियम तुमचाच," तो म्हणाला. "लोड वाढला की जिथे कमी त्रास होईल तिथली वीज बंद कर, असं तुम्हीच बिल्डिंगच्या कॉम्प्युटरला शिकवलंत. मग कुणाला किती त्रास, ते तो तक्रारींवरून मोजतो. ए विंगवाले जरा दिवा गेला तरी बोंबलतात. बी विंगमधून आजवर एक तक्रार नाही!"

रेवतीचं डोकंच सणकलं. मीटर रूममध्ये घुसून तिने ए विंगचा मेन स्विच खाली ओढला. लोड उतरला, तशी बिल्डिंगने आपणहून बी विंग चालू केली. वर मशीन घरघरायला लागलं. रेवतीने बाहेर येऊन दाराला कुलूप ठोकलं.

"नियम बदलायला बिल्डरची परवानगी आणा, मग उघडते."

मॅनेजरचा फोन वाजायचा थांबेना. "किल्ली द्या मॅडम, नाहीतर लायसन्स जाईल तुमचं!"

रेवतीने किल्ली मुठीत आवळली. सांग, तू दिली असतीस?