दहाव्या खुर्चीचा खर्च

"दहावी खुर्ची आपल्याला बुडवणार!" मालकांनी कॅल्क्युलेटर टेबलावर आपटला. "ती जो बनवतो त्याला आजच काढा, मुकादम."

कारखान्यात दहा सुतार होते आणि प्रत्येकाची दिवसाला एक खुर्ची व्हायची. सगळ्यांत शेवटी उरकायचा तो मुकादमाचा सख्खा मेव्हणा. त्याला काढलं तर घरी बायकोला तोंड कसं दाखवायचं?

"पण साहेब, दहाही खुर्च्या सारख्याच की."

"लाकूड सारखं, मजुरी सारखी. भाडं बघा ना! टेम्पोत नऊ मावतात. एकट्या दहावीसाठी तो पुन्हा अख्खी फेरी मारतो. तिचे येतात त्याहून जास्त जातात!"

मालक हल्ली अर्थशास्त्राच्या वर्गाला जात होते. तेव्हापासून त्यांना धड झोप नव्हती.

"एकदा टेम्पोत रचून तरी बघू," मुकादम काकुळतीला आला. त्यांनी खुर्च्या उभ्या रचल्या, उलट्या रचल्या, पायांत पाय अडकवले. नऊच मावल्या. दहावी कवटाळून मेव्हणा रडवेला उभा होता.

"भाऊजी, मी डोक्यावर घेऊन चालत जातो की."

मालकांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते ड्रायव्हरशेजारच्या सीटकडे बघत होते.

"इथे कोण बसतं?"

"तुम्हीच, साहेब. रोज मालाबरोबर जाता ना."

मालकांनी कॅल्क्युलेटरची बटणं दाबली. पुन्हा दाबली. त्यांचा चेहरा पडला, पण हिशेबाच्या बाबतीत माणूस सच्चा होता.

"म्हणजे तो खर्च मीच. मी जात नाही."

दहावी खुर्ची पुढच्या सीटवर चढली. ड्रायव्हरने तिला पट्टाही लावला. टेम्पो एका फेरीत गेला आणि मुकादमाचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी मालकांना जायला ठिकाणच उरलं नाही. नुसतं बसवेना, म्हणून ते मेव्हण्याशेजारी लाकूड घेऊन बसले. त्याने हात धरून रंधा मारायला शिकवलं. संध्याकाळी सगळ्यांची कामं आटोपल्यावर मालकांची खुर्ची तयार झाली. जरा लंगडत होती, पण स्वतःच्या हातची होती. मालक तिच्याभोवती कौतुकाने फेऱ्या मारत राहिले. इतके खूश त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं.

टेम्पो भरला. मागे नऊ, पुढे एक, आणि मालकांची रस्त्यावर.

सगळ्यांनी मुकादमाकडे पाहिलं. त्याने घसा खाकरला.

"साहेब, वाईट वाटून घेऊ नका. पण उद्यापासून येऊ नका."