निवडुंगाचा चीक

संप मोडून महादेव गिरणीत परतल्यापासून लालबागच्या चाळीने त्याला वाळीत टाकलं होतं. तो पाळीवर गेला की संपकऱ्याची बायको शेवंता त्याच्या दारातल्या, गावाहून आणलेल्या निवडुंगावर पाणी ओती. आज दुपारीच परतून त्याने तिला पकडलं. “वहिनी, आमच्या माणदेशात हा महिन्याने पाणी पितो. मुंबईच्या दमट हवेत रोज ओतून मुळं कुजवलीत!” “तहानलेला दिसला, भावोजी. तुमच्यासारखं भरलेलं पोट नाही ना त्याचं!” म्हणत तिने उरलासुरला शेंडाही मुरगळला. पांढरा चीक बोटांवर उडाला. “डोळ्याला हात लावू नका, दृष्टी जाईल!” महादेव तांब्या घेऊन धावला. “आधी धुवा.” दारादारांत बाया जमल्या. संपफोड्याच्या घरचं पाणी कोणी घेत नव्हतं. बाकीच्यांचे हंडे दुपारपर्यंत कोरडे पडले होते, आणि शेवंताचा निवडुंगावरच रिता झाला होता. ती बोटं डोळ्यांपासून लांब धरून, संध्याकाळीच पाणी येणाऱ्या कोरड्या नळाखाली जाऊन उभी राहिली.