त्रिगामी दाबनियंत्रक : किमान अनुभव चार वर्षे

एका पंपचालकास चौदा महिन्यांच्या खटपटीनंतर नोकरी कशी लागली, ती हकिगत पुढे यथाक्रम निवेदन करीत आहे.

अर्ज पाठविल्यापासून चौथ्या मिनिटास नकार आला. पंपचालकाने तो वाचला व मोबाइल पालथा ठेवला.

"आला?" पत्नीने शिवणयंत्रावरून मान न उचलता विचारले.

"आला."

"काय म्हणतात?"

"अर्जात आवश्यक शब्द आढळले नाहीत. पुढील वाटचालीस शुभेच्छा."

"शुभेच्छा तरी दिल्या. गेल्या वेळी तेवढंही नव्हतं."

जाहिरात जलशुद्धीकरण केंद्राची होती. करार अकरा महिन्यांचा. मोटारी, झडपा, गाळण टाक्या, क्लोरिनची मात्रा, हे सर्व त्याने आता बंद पडलेल्या कारखान्यात एकोणीस वर्षे सांभाळले होते. अडचण फक्त पाचव्या ओळीची होती : 'त्रिगामी दाबनियंत्रक हाताळण्याचा किमान चार वर्षांचा अनुभव.' अर्ज माणूस वाचीत नसे, संगणक वाचीत असे. ते शब्द न सापडल्यास तो पुढचे काहीच पाहत नसे.

गेल्या वर्षीही याच ओळीने त्याचा अर्ज परत आला होता. तेव्हापासून तो त्या यंत्राच्या शोधात होता. तंत्रशाळेच्या शिक्षकांनी कपाळ चोळले व म्हटले, "जुनं झालं हो ते. आम्ही शिकवणं बंद केलं." पंपांच्या दुकानदाराने मागच्या फळीकडे पाहिले. "कालच शेवटचा गेला. मागवू का?" जी गोष्ट सर्वांस ठाऊक आहे ती आपणांसच ठाऊक नाही, याचे त्यास प्रथम फार वाईट वाटे. पुढे वाटेनासे झाले.

पतिपत्नी मेहुण्याच्या घरी मागल्या खोलीत राहत होती. मेहुण्याचे लग्न ठरले होते व महिनाअखेरीस ती खोली रिकामी हवी होती. आणि नोकरी नसलेल्या माणसास दुसरी खोली कोणी देईना.

"दाजी, टाका ना लिहून तो शब्द," मेहुणा जेवताना म्हणाला.

"न केलेलं काम केलं म्हणून कसं लिहू?"

"ताईच्या स्थळाच्या वेळी तुमच्या घरच्यांनी लिहिलं होतं, मुलगा निर्व्यसनी. तेव्हा सिगारेटचा अनुभव किती वर्षांचा होता?"

पत्नी हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. मग म्हणाली, "हसण्यावारी नेऊ नका. सोमवारपर्यंत पुन्हा अर्ज करता येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जलशुद्धीकरण केंद्रावर जाऊन उभा राहिला. पंपगृहाच्या दारात एक वयस्क चालक चिंधीने हात पुशीत होते.

"काका, एकच विनंती आहे. तो त्रिगामी दाबनियंत्रक एकदा बघू द्या. नुसता हात लावतो. म्हणजे लिहिताना अगदीच खोटं वाटणार नाही."

काका त्याच्याकडे पाहत राहिले. "आधी कुठे होतात?"

त्याने सांगितले. सांगता सांगता तो थांबला व आतल्या आवाजाकडे त्याने कान दिला. "काका, दोन नंबरच्या मोटारीचं मागचं बेअरिंग बोलतंय."

"पंधरा दिवस बोलतंय. साहेबांना ऐकू येत नाही." काकांनी चिंधी खांद्यावर टाकली. "ते यंत्र बाहेरच्या माणसाला दाखवता येत नाही. आणि माझं ऐकाल तर अर्जच करू नका. त्या ओळीत भलेभले अडकलेत."

"तुम्हाला येतं ना?"

"म्हणून तर इथे आहे."

त्यांनी त्यास चहा पाजला व ते फाटकापर्यंत सोडावयास आले.

सोमवारी तो मोबाइल घेऊन बसला. शब्द जाहिरातीत होते तसेच उतरविले.

"किती वर्षं लिहिलीत?" पत्नीने विचारले.

"चार."

"सहा लिहा. खोट्यात कसली काटकसर?"

त्याने सहा लिहिले. चौथ्या मिनिटास संदेश आला. अभिनंदन. गुण शंभरपैकी शंभर. मुलाखतीची आवश्यकता नाही.

मेहुण्याने त्याची पाठ थोपटली. पत्नीने शिवण बाजूला ठेवून डोळे पुसले. पंपचालकास आनंद झाला नाही, दुःखही झाले नाही. कोणी तरी आपणांस त्या यंत्रापुढे उभे करील आणि 'चालवा' म्हणेल, एवढेच त्यास दिसत होते.

पहिल्या दिवशी कचेरीतून ओळखपत्र मिळाले. तो पंपगृहात गेला, तेव्हा काका भिंतीतल्या कपाटातील आपले सामान पिशवीत भरीत होते.

"काका, बदली झाली?"

"करार संपला."

"म्हणजे ही जागा तुमची होती?"

"होती."

त्याने दार लोटून घेतले. "काका, मी खोटं लिहिलं. ते यंत्र मी जन्मात पाहिलेलं नाही. जाण्याआधी मला शिकवा. मी तुमच्या पाया पडतो."

काकांनी चष्म्याची डबी पिशवीत टाकली. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"शिकवायला ते असायला हवं. दहा वर्षांपूर्वी कचेरीतले साहेब म्हणाले, तुमच्या जागेची जाहिरात दर वर्षी काढावीच लागते. लायक माणूस मिळाला नाही, तर तुम्हीच राहाल. तुम्हाला काम माहीत आहे, तेव्हा मजकूर तुम्हीच लिहून द्या. चार ओळी मी खऱ्या लिहिल्या."

त्यांनी किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातावर ठेवला.

"पुढच्या वर्षीची तुम्ही लिहायची. ते यंत्र आता उपयोगाचं राहिलं नाही. आतापासून दुसरं सुचतंय का बघा."

वाचकांनी येथवर सोबत केली, याबद्दल ऋणी आहे.
— तात्या जोडारी