लपण

"मी येईपर्यंत लपणाबाहेर यायचं नाही, साहेब," मी बजावलं. दोघांनी मिळून कापडी लपणात शिरायचं आणि एकानं निघून जायचं, ही आमच्या पठारावरच्या वाटाड्यांची रीत. पाखराला मोजता येत नाही. त्याला वाटतं, माणसं गेली.

साहेबांनी कॅमेरा रोखला. त्यांना धाविक पक्ष्याची पिल्लं टिपायची होती. त्यांनी मला ओळखलं नव्हतं, आणि ती जागाही.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना असंच चंडोलाच्या घरट्यापाशी बसवून गेलो होतो. दुपारी परतलो, तर घरट्यावरची बोर बुडापासून कापलेली. "फोटोत सावली येत होती रे," म्हणाले. तिन्ही पिल्लं उन्हानं भाजून मेली होती, चोचींना मुंग्या लागल्या होत्या. त्या फोटोला पुढं बक्षीस मिळालं म्हणे.

आज मी लांबच्या टेकाडावर करंजाखाली बसलो. धाविकाची पिल्लं माझ्यासमोरच तुरुतुरु पळत होती. लपणाकडे एक पाखरू फिरकलं नाही. कापड तापत राहिलं, मी दुर्बिणीतून बघत राहिलो. घाई केली नाही.

दोन वाजता गेलो. साहेब धडपडत बाहेर आले. चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले.

"अरे, इथं बसायला जरासुद्धा सावली नाही?"

त्यांच्या बुटापाशी बोरीचा वाळका बुंधा होता. मी काठीनं त्यावर टकटक केलं.

"होती, साहेब. तुम्हीच कापलीत."