ओळख देणारा

“एक साक्षीदार मी झालो. दुसरा कुठाय?” वकील लिमयांनी घड्याळाकडे बघत विचारलं.

कमलाताई दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातल्या बाकावर बसून होत्या. मांडीवर खरेदीखत. मुरुगवाड्यातलं घर विकून त्या पुण्याला लेकीकडे जाणार होत्या. घर घेणारा शुभंकर, दापोलीहून बदली होऊन आलेला तरुण प्राध्यापक, शेजारीच उभा होता. सगळं जमलं होतं. अडलं होतं ते फक्त एका ओळीपाशी. लिहून देणाऱ्याला व्यक्तिशः ओळखणारी दोन माणसं हवीत. दुसरी साक्षीदार म्हणून जी जुनी मैत्रीण यायची होती, तिने आज सकाळीच फोन केला होता. ती मुंबईच्या वाटेवर होती.

“माझा कारकून करील सही,” लिमये म्हणाले. “नुसती रीत असते ती.”

“तो मला ओळखत नाही.”

“ताई, कोण विचारतंय?”

“इथं लिहिलंय, व्यक्तिशः. मी खोट्यावर सही करून घर सोडणार नाही.”

त्यांनी फोन काढला. पहिल्या नंबरावर सून बोलली. आईंना जाऊन वर्ष झालं म्हणाली. दुसरं माणूस ठाण्याला राहायला गेलं होतं. तिसऱ्याने विचारलं, “कोण कमला?”

चौथा नंबर कुणाचा लावायचा, ते त्यांना सुचेना. तेहेतीस वर्षं त्यांनी टेलिफोन खात्यात काढली होती. अख्ख्या रत्नागिरीचे आवाज त्यांना पाठ होते, त्यांचा चेहरा मात्र कुणाला ठाऊक नव्हता. पुढे यजमान अंथरुणाला खिळले. नऊ वर्षं त्यांचं करण्यात गेली. लोक आधी भेटायला यायचे, मग फोन करायचे, मग तेही थांबलं. यजमान गेले त्यालाही दीड वर्ष झालं होतं.

“मी गाडी काढतो,” शुभंकर म्हणाला. “तुमच्या आळीतून कुणाला तरी घेऊन येतो.” आणि कमलाताई काही बोलायच्या आत तो जिना उतरलाही.

आळीत सात घरं. त्यातली पाच गणपतीपुरती उघडायची. सहावं त्यांचं. सातवं भिकाजी मयेकरांचं, आणि त्या घराशी बारा वर्षं बोलणं नव्हतं. मधल्या कुंपणाच्या गडग्याचे चिरे मयेकरांनी दीड हात आमच्या हद्दीत सरकवले, असं म्हणून यजमानांनी कोर्टात दावा लावला होता. दावा केव्हाच निकाली निघाला. बोलणं काही सुरू झालं नाही. मयेकरांची बायको गेली तेव्हासुद्धा यजमानांनी कमलाताईंना जाऊ दिलं नव्हतं.

अर्ध्या तासाने जिन्यावर पावलं वाजली. शुभंकरच्या मागे इस्त्रीचा पांढरा सदरा घालून भिकाजी मयेकर उभे होते. हातात आधार कार्ड.

लिमये ताडकन उठले. घर विकत असल्याची जाहीर नोटीस पेपरात आली, तेव्हा मयेकर हरकत घेणार असं सगळ्यांनी धरलंच होतं. मुदत सरली, कुणी आलं नाही. तो माणूस आज, ऐन सहीच्या वेळी आला होता.

तेवढ्यात कमलाताईंचं नाव पुकारलं गेलं.

निबंधकबाईंनी कागद चाळले आणि त्या थबकल्या. “आधारवर कमल, खरेदीखतात कमला. बाई एकच ना? ओळख कोण देतंय?”

“मी देतो,” मयेकर म्हणाले.

“किती वर्षं ओळखता?”

“एकतीस.”

“नातं?”

“नातं काय नाय. शेजारी.”

“जाणं-येणं आहे?”

कमलाताईंनी मान खाली घातली.

“जाणं-येणं नाय, बाई,” ते सावकाश म्हणाले. “पण ह्या त्याच. यजमान आजारी होते तेव्हा रोज दहाला त्यांना खुर्चीवर बसवून उन्हात आणायच्या. एकट्या. खुर्ची उंबऱ्याला अडायची, तरी कुणाला हाक मारली नाय. गेल्या भाद्रपदात दोरीवरची साडी दोन दिवस काढलेली दिसली नाय. मी दूधवाल्याला सांगितलं, दार ठोक, आत काहीतरी बरं नाय. तापानं पडलेल्या होत्या.”

कमलाताईंनी वर पाहिलं. त्या दूधवाल्याला त्यांनी दिवाळीला नवा सदरा दिला होता. देवासारखा धावून आलास, म्हणाल्या होत्या. तो नुसता हसला होता.

“सही करा,” निबंधकबाई हलकेच म्हणाल्या.

मयेकरांनी सही केली. मग कमलाताईंनी केली. फोटो निघाला, अंगठे उमटले. दहा मिनिटांत घर दुसऱ्याचं झालं.

बाहेर शुभंकर गाडी आणायला गेला. दोघंच पायरीवर उरले. ऊन चढलं होतं. बारा वर्षांनी पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, ते कमलाताईंना कळत नव्हतं. शेवटी मनात होतं तेच त्यांनी विचारलं.

“नोटीस वाचली होतीत ना? मग हरकत का नाही घेतलीत?”

“घ्यायचीच होती वैनी. वकिलाकडं गेलो पण होतो,” मयेकर रस्त्याकडे बघत म्हणाले. “तो इचारू लागला, हद्दीबद्दल हरकत हाय काय? म्हटलं नाय, हद्द त्यांचीच बरोबर. मग कशाबद्दल? म्हटलं, त्या चालल्यायत त्याबद्दल. तर म्हणतो, काका, तसं कलम नाय कायद्यात.”